फाल्गुनातली नदी: चावा दुपारवरून पहाटेवर कधी सरकतो?

डोहकाठ (धागाकर्ता)

माघ सरत आला की आमच्याकडे, म्हणजे नीरा आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यात, गळ टाकणाऱ्यांची एक ठरलेली चूक दरवर्षी पाहायला मिळते, आणि कित्येक वर्षे मीही ती इमानेइतबारे केलेली आहे. बांधावरचा पळस पेटलेला दिसतो, काटेसावरीवर साळुंक्यांची झुंबड उडते, पहाटे कोकीळ ओरडू लागतो, आणि माणूस ठरवून टाकतो की थंडी गेली, आता उजाडायच्या आत नदी गाठली पाहिजे. मग तो अंधारात जाऊन डोहाच्या काठी बसतो आणि ऊन चांगले वर येईपर्यंत त्याचे बूच जागचे हलत नाही. कंटाळून तो घरी जेवायला जातो, आणि नेमका त्याच वेळी समोरच्या उथळ, उन्हाने न्हालेल्या काठाला रोहू चरायला येतात.

माझे म्हणणे इतकेच आहे की झाडांचा वसंत आणि पाण्याचा वसंत एका दिवशी येत नाहीत. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असे आपण म्हणतो, आणि ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असेही म्हणतो. या दोन दिवसांत साधारण पंधरवड्याचे अंतर असते. मला नेहमी वाटते की पहिली म्हण हवेची आहे आणि दुसरी पाण्याची. म्हणी रचणाऱ्यांच्या मनात असे काही असेल असा माझा दावा नाही, पण नदीकाठी मात्र हा हिशेब बऱ्याच अंशी जुळतो.

यामागचे कारण गूढ नाही. दख्खनच्या पठारावर दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरक फेब्रुवारी-मार्चमध्येच सर्वांत मोठा असतो, कारण आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते, आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता झपाट्याने सोडून देते. पाणी तापायला आणि निवायला वेळ घेते. त्यामुळे डोहाच्या खोल भागात पौषातला गारठा अजून टिकून असतो, आणि गुडघाभर पाण्याचा काठ मात्र दुपारपर्यंत कोमट होऊन रात्रीत पुन्हा गार पडतो. माशाच्या अंगाचे तापमान पाण्यावर अवलंबून असल्यामुळे गार पाण्यात त्याचे पचन मंदावते आणि त्याला भूकही कमी लागते. म्हणून माघात तो दुपारी काठाला येतो. पुढे रात्री उबदार होऊ लागल्या की काठाचे पाणी पहाटेही पुरेसे ऊबदार राहते, दुपारचे ऊन त्याला नकोसे होते, आणि मग चावा, म्हणजे माशाने आमिष धरणे, पहाटेवर आणि सांजवेळेवर सरकतो. हा बदल अनेकदा एखाद्या आठवड्यातच उरकतो, आणि तो आठवडा ओळखता येणे हेच या दिवसांतले खरे कौशल्य आहे.

मी पाहतो त्या खुणा सांगतो. पहिली खूण म्हणजे उथळ, नितळ पाण्याच्या तळाशी दिसणारे ताटाएवढे गोल खड्डे. चिलापीचा नर ते तोंडाने आणि शेपटीने उकरतो, आणि त्या दिवसांत त्याचे अंग काळे पडून गळा पांढरा दिसतो. पाणी खरोखर ऊबदार झाल्याशिवाय तो हे काम हाती घेत नाही, त्यामुळे कोणत्याही फुलापेक्षा माझा या खड्ड्यांवर अधिक विश्वास आहे. दुसरी खूण शेवाळाची आहे. दगडांना धरून असलेले तंतूंचे शेवाळ उन्हात प्राणवायूचे बुडबुडे धरते, आणि दुपारी त्याचे पुंजके सुटून वर तरंगू लागतात. तिसरी म्हणजे मातीच्या उभ्या काठात वेड्या राघूंनी पोखरलेली ताजी बिळे, ज्यांच्या तोंडाशी ओली माती सांडलेली असते.

आपापल्या नदीवर हा बदल कशावरून ओळखता येतो, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

तंगूस

धागा आवडला, परंतु ‘मासा’ हा शब्द आपण फार सरसकट वापरला आहे असे नम्रपणे सुचवतो. आपण लिहिले ते रोहू, कटला, मृगळ यांच्याबाबतीत पटते. मरळ मात्र या हिशेबात बसत नाही. ती पृष्ठभागावर येऊन हवा घेते, त्यामुळे तिची जागा कुठे आहे हे पाण्यावर उमटणाऱ्या एका हलक्या ‘गुळुक’ आवाजावरून कळते. माघातल्या कोवळ्या उन्हात ती लव्हाळ्याच्या कडेला अगदी वरच्या थरात निपचित पडून राहते. त्या वेळी काठावर जड पाऊल पडले तरी ती जाते आणि पुढचा अर्धा तास परतत नाही. म्हणून मी मरळीसाठी जाताना चपला दूर काढून ठेवतो, ज्यावर माझे सोबती अजूनही हसतात.

आमिषाबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. पाणी गार असेपर्यंत गांडूळच चालते. ते लहान असावे, गळ बारीक असावा आणि तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, जितके बारीक परवडेल तितके घ्यावे, कारण या दिवसांत गाळ बसून पाणी काचेसारखे झालेले असते आणि जाड दोरा माशाला स्पष्ट दिसतो. शिसेही नावापुरतेच लावावे. चावा इतका हलका असतो की बूच बुडत नाही, नुसते आडवे होते किंवा तिरपे सरकते, आणि नवखा माणूस ते वाऱ्याचे काम समजून बसून राहतो. कणकेचा गोळा मासा मनापासून घेऊ लागला की मी ऋतू बदलला असे समजतो. माझे पंचांग एवढेच आहे.

कृष्णाकाठी

आपल्या दोघांच्याही नद्या बऱ्याच सोज्वळ दिसतात. आमच्या सांगली-मिरजेकडची कृष्णा फाल्गुनात पंचांगही पाहत नाही आणि हवाही पाहत नाही; ती वेळापत्रक पाहते. पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात आणि नदी म्हणजे एकापाठोपाठ एक मांडलेल्या लांबट तलावांची रांग होऊन बसते. वरून कोयनेचे पाणी सोडले की हे तलाव क्रमाने भरतात, उपसा वाढला की उतरतात. काठाच्या चिखलावर ओलीची जी रेघ राहते, ती सकाळी पाहिल्याशिवाय मी काठी जोडत नाही. रेघ पाण्याच्या वर असेल तर पाणी उतरते आहे, आणि मासा काठ सोडून मधल्या पात्राकडे सरकलेला आहे. रेघ बुडालेली असेल तर नव्याने भिजलेल्या गवतात तो तोंड घालायला येण्याची शक्यता असते, मात्र लगेच नाही. मोठ्या धरणाच्या पायथ्यातून सुटलेले पाणी खोलातले आणि थंड असते, आणि ते येऊन पोहोचल्यावर एक-दोन दिवस नदी गप्प होते. आपला ‘पाण्याचा वसंत’ आमच्याकडे असा दोन-तीनदा येतो आणि दोन-तीनदा परत जातो.

आता एक खूण अशी, जिच्यामुळे माणसे हमखास फसतात. फाल्गुनाच्या अखेरीस कधी पहाटे पाहावे तर मासेच मासे वर आलेले असतात आणि तोंडे उघडझाप करत असतात. नवख्याला वाटते की चावा पहाटेवर सरकला. प्रत्यक्षात ते गुदमरत असतात. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. त्यात साचलेल्या पाण्यातले शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्रभर तोच वापरते, त्यामुळे सर्वांत वाईट घटका सूर्योदयाच्या आधीची असते. त्याच सुमारास साखर हंगामाचा शेवट असतो, आणि वरच्या अंगाने मळीचे पाणी आले तर उरलासुरला प्राणवायू ती खाऊन टाकते. काही वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे मी आनंदाने गळ टाकला होता. एकाही माशाने आमिषाकडे पाहिले नाही, आणि दुपारपर्यंत ते सगळे पांढरी पोटे वर करून बंधाऱ्याच्या भिंतीला लागले. तक्रार केली, नमुने घेतले गेले, पुढे काय झाले ते आम्हांला कळले नाही. चरणारा मासा पाणी फोडतो, वळतो आणि खाली जातो. गुदमरणारा मासा वरच राहतो आणि तुमची सावली पडली तरी हलत नाही. हा फरक प्रत्येकाने डोळ्यांत भरून घ्यावा आणि अशा वेळी गळ पिशवीतच ठेवावा.

नवा_गळकर

अनुभव नसल्यामुळे एक प्रश्न विचारतो. मागच्या आठवड्यात मिळालेल्या रोहूच्या पोटात बारीक दाण्यांची पिवळसर पिशवी निघाली. आमच्याकडे सगळे म्हणतात की मासे पावसात अंडी घालतात. मग ही अंडी आत्ताच कशी?

डोहकाठ

@नवा_गळकर, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रोहू, कटला, मृगळ हे आषाढ-श्रावणात, पुराच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात, परंतु त्यांची तयारी फेब्रुवारी-मार्चपासूनच सुरू होते. पुढचे तीन-चार महिने त्या पिशव्या भरत जातात, आणि त्यासाठी मादी या दिवसांत अधाशासारखी चरते. फाल्गुनात चावा वाढण्याचे हेही एक कारण आहे. पोट जड वाटणारा मोठा मासा मी आता सोडून देतो. इतरांनी काय करावे हे मी सांगणार नाही.

@कृष्णाकाठी, गुदमरणाऱ्या माशांविषयी आपण लिहिले ते मूळ लेखात असायला हवे होते. माझ्याकडून ते राहून गेले. भीमेवर उजनीच्या फुगवट्यात पाणी उतरण्याची चाल बरीच सरळ असते, म्हणून मला वेळापत्रकाचा असा त्रास होत नाही. पाणी मागे सरकेल तशी गाळपेराची जमीन उघडी पडते आणि लोक तिथे पेरणीही करतात. परवा जिथे गळ टाकला होता तिथे आज ओला गाळ आणि त्यावर पाणपक्ष्यांच्या पावलांची नक्षी, असे या दिवसांत नेहमीच होते. पट्टकादंब आणि चक्रवाक निघून गेले की पाणी आता उन्हाळ्याच्या हवाली झाले असे मी समजतो. रोहित त्यांच्या मागे रेंगाळतात, त्यामुळे त्यांच्यावरून काही ठरवता येत नाही.

खाडीवरचा

कोकणातल्या नद्यांबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. आमच्या बहुतेक नद्या फाल्गुनात वाहायच्या थांबतात आणि कोंडांच्या, म्हणजे डोहांच्या, साखळीएवढ्या उरतात. वाशिष्ठी मात्र याला अपवाद आहे, कारण कोयनेच्या वीजगृहांतून गेलेले अवजल पोफळीकडून तिच्यात येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी ६७.५ अब्ज घनफूट पाणी मान्य केलेले आहे, आणि त्यामुळे घाटावर विजेची मागणी वाढली की चिपळुणात नदी वाढते! एकाच धरणाचे पाणी कृष्णाकाठी यांच्या नदीलाही नाचवते आणि आमच्याही, फक्त दिशा उलट.

खाली खाडीत ऋतू ओळखण्याची रीत वेगळी आहे. जिथे वरून गोडे पाणी येण्याचे थांबते, तिथे भरतीबरोबर खारे पाणी दर पंधरवड्याला थोडे अधिक आत शिरते. पाणी कुठवर खारट झाले आहे हे आमचे जुने लोक चक्क चाखून सांगत. पौषात जिथे गोड्या पाण्यातला मासा मिळत होता तिथे फाल्गुनात बोयटे उड्या मारू लागतात, आणि बोयट्यांच्या मागे जिताडा येतो. चावा दुपारचा की पहाटेचा, हा प्रश्नच आमच्याकडे दुय्यम आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात चढते-उतरते आणि मासा फिरतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद राहते आणि आम्ही जाळी दुरुस्त करतो. फाल्गुनी पौर्णिमेचे उधाण संपातदिनाच्या आगेमागे येत असल्याने ते वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक असते. त्या दिवशी गावात शिमगा असतो आणि खाडीत भरती, आणि दोन्हीकडे एकाच वेळी हजर राहता येत नाही ही आमची जुनी अडचण आहे.

सेव्हर्नकाठ

मी मूळचा साताऱ्याचा; गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीजवळ राहतो. खाडीवरचा यांनी लिहिलेले मोठे उधाण इथे भिंतीसारखी लाट होऊन खाडीतून नदीत वर चढते आणि ते पाहायला लोक काठावर गर्दी करतात, एवढे सांगून मूळ विषयाकडे वळतो.

इथला वसंत आपल्यापेक्षा फार हळू येतो. मार्चमध्ये नदी पुष्कळदा गढूळ आणि भरलेली असते, काठावरच्या काटेरी झुडपांना पानांआधी पांढरी फुले येतात, आणि महिन्याच्या उत्तरार्धात आफ्रिकेतून परतलेल्या पाकोळ्या पाण्यावर दिसू लागतात. पण गंमत अशी की ऋतू रंगात येऊ लागतो तेव्हाच इथल्या नद्यांवरची साधी गळमासेमारी बंद होते. १५ मार्च ते १५ जून या काळात इंग्लंड आणि वेल्समधल्या नद्यांवर बार्बेल, चब, पर्च अशा माशांसाठी गळ टाकायला मनाई असते, कारण त्यांतले बहुतेक मासे याच महिन्यांत अंडी घालतात. आपल्याकडे तोच काळ चरण्याचा आणि अंडी भरण्याचा असतो, आणि अंडी घालण्याचा काळ पावसाळ्यात येतो. म्हणजे इथला नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आपल्या नद्यांना बंदी हवी असेल तर ती पहिल्या पावसात चढणीचे मासे निघतात तेव्हाची हवी, आणि नेमके तेव्हाच आपल्याकडे अख्खे गाव टोपल्या घेऊन ओढ्यावर उतरते.

इथले जुने गळकर पाण्यात दोरीने थर्मामीटर सोडल्याशिवाय आमिष निवडत नाहीत. डोहकाठ यांनी हा प्रयोग करून पाहावा अशी विनंती.

वैनगंगातीर

भंडाऱ्याकडच्या आमच्या नदीवर वाळू हीच मोठी खूण आहे. संक्रांतीनंतर पात्र आक्रसते, ढीवर कुटुंबे वाळूत खड्डे घेऊन डांगराच्या वाड्या लावतात, आणि वेलींना पाणी देण्यासाठी वाळू किती खोल उकरावी लागते यावरून नदी किती उतरली हे कळते. जिथे धरणाचा फुगवटा आला तिथे या वाड्याही गेल्या आणि ही मोजपट्टीही गेली. विदर्भात ऊन लवकर तापते, त्यामुळे चावा पहाटेवर सरकण्याचा आपला आठवडा आमच्याकडे होळीच्या बराच आधी येऊन जातो. मोहाची फुले गळू लागतात तेव्हा दुपारी नदीवर फक्त म्हशी असतात.

एक काळजी मात्र नोंदवतो. धार तुटून डोह वेगळे झाले की त्यातला मासा कोंडलेला असतो, आणि तेव्हाच काही लोक ब्लीचिंग पावडर, विजेची तार किंवा सुरुंगाची कांडी घेऊन येतात. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यावर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. रात्री डोहावर बॅटऱ्या हलताना दिसल्या तर ती गळवाल्यांची मंडळी नव्हेत, हे गावाने ओळखावे.

जुनी_नोंदवही

सेव्हर्नकाठ यांनी बार्बेलचा उल्लेख केला म्हणून एक धागा जोडतो. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल सायक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराला त्याने ‘बार्बस खुद्री’ असे नाव दिले. म्हणजे सेव्हर्नमधला बार्बेल आणि आपला महाशीर त्याने एकाच कुळात घातले आणि पुढचे नाव इथल्या लोकांच्या तोंडून घेतले. आज त्याला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. शिंगटी, मळ्या, कोळस ही आपली नावेसुद्धा त्याच्या यादीतून थोड्या वाकड्यातिकड्या स्पेलिंगने शास्त्रात गेलेली आहेत.

महाशीराचे वसंतातले वागणे पाहायचे असेल तर गळ घरी ठेवून महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडावर जावे. तिथे देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी मारत नाही, उलट भाविक खाऊ घालतात. नदीची धार आटत गेली की ते डोहाच्या खोल भागात एकत्र राहतात. इतरत्र, जिथे काठावर उंबर आहे, तिथे पिकलेले फळ पाण्यात पडल्याचा ‘टप्’ आवाज ऐकून महाशीर धावतो. नदीकाठच्या उंबराला फळ धरले का, हे पाहणे मला पळस पाहण्यापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते, कारण त्या फुलाशी माशाचा संबंध नाही आणि या फळाशी आहे.

डोहकाठ

सेव्हर्नकाठ यांच्या सांगण्यावरून थर्मामीटर दोरीला बांधून चार दिवस पाण्यात सोडला. माझा अंदाज एका बाबतीत चुकला. काठ आणि डोह यांतला फरक दुपारी मोठा असतो हे दिसलेच, परंतु तो सर्वाधिक असण्याची वेळ बारा-एकची नसून तीनच्या पुढची निघाली. म्हणजे जेवून परतणाऱ्या माणसालाही संधी होती, आणि इतकी वर्षे मी उगाच उपाशी बसत होतो. वारा सुटला त्या दिवशी मात्र हा फरक जवळजवळ मिटला, कारण लाटांनी काठाचे पाणी घुसळून टाकले. त्या दिवशी चावाही नव्हता. यापुढे ऊन पाहण्याआधी वारा पाहीन. चिलापीचे खड्डे अजून एकही दिसलेले नाहीत.

तंगूस

आमच्याकडे काल दिसले, तीन, पाणवठ्याच्या खालच्या अंगाला, आणि नर अजून पुरता काळा झालेला नाही. कणकेला दुपारी साडेतीनला एक मृगळ लागला. पहाटे पूर्ण शुकशुकाट होता. उंबराला अजून हिरवी फळे आहेत. पुढच्या रविवारी पुन्हा जातो आणि इथेच लिहितो.